नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी पुस्तक लिहिलं हे माहीत असतं, पण त्याआधी ते तिथे काय करत होते?

१ जानेवारीला जिमची फी भरायची, १५ जानेवारीपर्यंत न चुकता जायचं, संक्रांतीच्या तिळगुळानंतर एखादी दांडी मारायची आणि फेब्रुवारीत त्या रस्त्यानेच जाणं बंद करायचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांची ही दरवर्षीची गोष्ट आहे. कारणंही ठरलेली असतात. थंडी आहे, ऑफिसचं टेन्शन आहे, घरात आजारपण आहे, मूडच नाही.

आता एक वेगळी परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. तुमचं वय ५२ आहे. तुम्हाला एका किल्ल्यात कोंडलंय. कधी सोडणार ते कुणी सांगत नाही. घरच्यांना भेटता येत नाही. बाहेर देश पेटलाय आणि तुम्ही काहीही करू शकत नाही. अशा वेळी सकाळी उठून व्यायाम करायला कुठून बळ आणणार?

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात जवाहरलाल नेहरूंनी अडीच वर्षांहून जास्त काळ हेच केलं. त्यांच्या राजकारणाबद्दल भरपूर वाद होतात, पुढेही होतील. पण शरीर आणि मन टिकवून धरण्याची त्यांची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

तर सुरुवात करू लहानपणापासून.

१४ नोव्हेंबर १८८९ ला अलाहाबादमध्ये नेहरूंचा जन्म झाला. वडील मोतीलाल मोठे वकील, घरात पैसा भरपूर. पोराला घोड्यावर बसायला शिकवलं. एकदा तट्टाने त्याला खाली पाडलं आणि ते एकटंच तबेल्यात परत आलं. घरात घबराट उडाली. मोतीलाल सगळा लवाजमा घेऊन शोधायला निघाले. पोरगं सुखरूप सापडलं आणि जणू पराक्रम करून आल्यासारखं त्याचं कौतुक झालं.

पुढे मोठ्या घरात राहायला गेल्यावर तिथे पोहण्याचा तलाव होता. जवाहर लगेच पोहायला शिकला. संध्याकाळी मोतीलाल यांचे मित्र तिथे जमायचे. त्यातले तेजबहादूर सप्रू हे नावाजलेले वकील, पण पाण्याला एवढे घाबरायचे की पहिल्याच पायरीवर बसून राहायचे, दुसऱ्या पायरीवर उतरायला तयार नसायचे.

म्हणजे नेहरूंना व्यायाम लहानपणी मिळाला तो खेळ म्हणून, मजा म्हणून. कुणी छडी घेऊन मागे उभं नव्हतं.

१९०५ मध्ये ते इंग्लंडला हॅरोच्या शाळेत गेले, १९०७ मध्ये केंब्रिजला. १९१० मध्ये पदवी मिळाल्यावर नॉर्वेला फिरायला गेले असताना हिमनदीतून येणाऱ्या ओढ्यात अंघोळीला उतरले. पाणी इतकं गार की हातपाय बधिर झाले आणि प्रवाहाने ओढून नेलं. सोबतच्या मित्राने पाय पकडून बाहेर काढलं, नाहीतर पुढे धबधबाच होता. १९१६ मध्ये, लग्न झालं त्याच वर्षी, काश्मीरच्या डोंगरांत बर्फाच्या भेगेत पडले. कमरेला दोर होता म्हणून वाचले.

थोडक्यात काय, तर उघड्या आकाशाखाली हुंदडण्याची आवड असलेला हा माणूस. आणि नशिबात काय आलं? तुरुंग.

एकूण नऊ वेळा तुरुंगवास, मिळून जवळपास नऊ वर्षं.

पहिली अटक झाली डिसेंबर १९२१ मध्ये. लखनौच्या तुरुंगात सोबत वडीलही होते. नेहरू पहाटे उठून राहायची जागा झाडून-धुऊन काढायचे, स्वतःचे आणि वडिलांचे कपडे धुवायचे, सूत कातायचे. दुपारनंतर कैद्यांचा व्हॉलीबॉलचा खेळ चालायचा. ज्याच्या घरी नोकरांची फौज होती त्याने हे सगळं अंगावर घेतलं.

१९२८ मध्ये सायमन कमिशनविरोधी निदर्शनांत लखनौला पोलिसांनी लाठ्या चालवल्या. नेहरूंनी मार खाल्ला, पण निभावलं. त्यांच्या सोबत होते गोविंद वल्लभ पंत. सहा फुटांवर उंची, त्यामुळे लाठीला सोपं निशाण. पंतांना इतकं लागलं की पुढे बराच काळ त्यांना पाठ सरळ करता येत नव्हती. हे नाव लक्षात ठेवा, पंत पुढे नगरला पुन्हा भेटणार आहेत.

नंतरचा तुरुंगवास एकट्याचा आणि लांबलचक होता. १९३० मध्ये नैनीच्या तुरुंगात त्यांना गोल भिंतीच्या आवारात ठेवलं होतं. भिंत इतकी उंच की दिसायचं ते फक्त आकाश. नंतर देहरादूनला तुरुंगाच्या फाटकापुढे फेऱ्या मारायला परवानगी मिळाली. तिथून डोंगर दिसायचे आणि त्या फेऱ्या त्यांना फार मोलाच्या वाटायच्या.

याच वर्षांत त्यांना आसनांची गोडी लागली. सगळ्यांत आवडतं होतं शीर्षासन. त्याचं त्यांनी दिलेलं कारण मोठं मजेशीर आहे. शरीराला फायदा होतो हे ते मान्य करायचेच, पण त्यांना जास्त महत्त्व वाटायचं मनावर होणाऱ्या परिणामाचं. डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत माणूस स्वतःलाच थोडा विनोदी वाटतो. त्यामुळे चिडचिड कमी होते आणि जगाचे विचित्र प्रकार सोसायला बळ येतं, असं त्यांनी १९३६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात सांगितलंय. तुरुंगात निराशेचे दिवस येतातच, आणि त्यातून बाहेर यायला धडधाकट शरीराची मोठी मदत झाली, हेही त्यांनी कबूल केलंय.

बघा, वजन किंवा पोट कमी करायचंय हे कारण इथे कुठेच नाही. आजचा दिवस नीट जावा, एवढ्यासाठी व्यायाम.

आता येऊ नगरच्या किल्ल्याकडे.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव मंजूर झाला. ९ ऑगस्टला पहाटेच धरपकड झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं आणि काँग्रेस कार्यसमितीच्या नेत्यांना रेल्वेने नगरला आणलं. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब असे एकूण १२ जण.

किल्ला म्हणजे निजामशाहीचा बुलंद भुईकोट. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने अकबराच्या फौजेपासून जो लढवला, तोच. १८०३ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. चारी बाजूंनी खंदक, त्यात लष्कराचा ताबा.

सुरुवातीला वर्तमानपत्र नाही, भेटीगाठी नाहीत. त्याच वर्षी मुलगी इंदिरा, जावई फिरोज आणि बहीण विजयालक्ष्मी यांनाही अटक झाली. पुढे तर एकामागून एक वाईट बातम्या आल्या. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई पहिल्याच आठवड्यात पुण्यात गेले. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी वारल्या आणि आझाद नगरलाच कोंडलेले होते. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. जानेवारी १९४४ मध्ये नेहरूंचे मेहुणे रणजित पंडित गेले, फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या.

अशा वेळी माणूस भिंतीकडे तोंड करून झोपून राहिला असता तरी कुणी नावं ठेवली नसती.

नेहरूंनी काय केलं? त्यांनी फावडं उचललं.

किल्ल्याच्या आवारात त्यांनी फुलांचे वाफे करायला घेतले. रोज कित्येक तास, अगदी उन्हातसुद्धा, ते खणत बसायचे. आणि जमीन कशी? नगरकरांना वेगळं सांगायला नको. दगडगोट्यांची, त्यात जुन्या बांधकामांचा राडारोडा. फावडं मारलं की खाली दगड. खणता खणता जुन्या भिंती आणि जमिनीखाली गाडल्या गेलेल्या इमारतींचे घुमट लागायला लागले. इतिहासाचं वेड असलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? पण अधिकाऱ्यांना हे खोल खणणं पसंत पडलं नाही. धड अवजारंही मिळाली नाहीत, आणि ती शोधमोहीम तिथेच थांबली. बागकाम मात्र राहिलं.

याआधी देहरादूनच्या तुरुंगात असंच खणताना त्यांना जमिनीत दोन जुने खांब सापडले होते. ते निघाले पूर्वीच्या फाशीच्या चौकटीचे. सगळ्या कैद्यांनी मिळून ते उपटून काढले आणि आनंद साजरा केला. व्यायाम म्हणून हातात घेतलेलं फावडं असंही कामाला येतं.

किल्ल्यात आल्यानंतर तब्बल २० महिने नेहरूंनी पुस्तकाला हात घातला नव्हता. मन तयार होत नव्हतं. शेवटी एप्रिल १९४४ मध्ये त्यांनी फावडं बाजूला ठेवून पेन उचललं. पाच महिन्यांत सुमारे हजार हस्तलिखित पानं लिहून झाली. तेच पुस्तक १९४६ मध्ये द डिस्कव्हरी ऑफ इंडिया या नावाने आलं. सुरुवातीच्याच पानांत नगरची ती दगडाळ जमीन, ती बाग आणि चांदबिबी आहे. लिहिणं सुरू असतानाच, २० ऑगस्ट १९४४ ला, मुंबईत पहिला नातू राजीव जन्मला. आजोबा किल्ल्यातच होते.

खणल्यामुळे पुस्तक झालं, असं सरळ गणित मांडता येणार नाही. पण ज्या दिवसांत डोकं चालत नव्हतं त्या दिवसांत हातपाय चालत राहिले, एवढं नक्की.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नेहरू साधे कैदी नव्हते. त्यांना पुस्तकं होती, मोकळा वेळ होता, सक्तमजुरी नव्हती. दिवसभर राबून घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईने त्यांच्याशी स्वतःची तुलना करून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. शिवाय नेहरू सिगारेट ओढायचे, म्हणजे सगळ्याच सवयी घेण्यासारख्या होत्या असंही नाही. किल्ल्यातल्या सगळ्यांची शरीरंही सारखी नव्हती. नरेंद्र देवांना दमा होता, पटेलांना आतड्याचा त्रास होता, पंतांच्या अंगावर लखनौची लाठी होती. महताब ओडिशाचा इतिहास लिहीत होते, आझाद पहाटे चहा घेत न पाठवता येणारी पत्रं लिहीत होते. ज्याला जे झेपलं ते त्याने रोज केलं.

२८ मार्च १९४५ ला नेहरूंना नगरहून हलवलं आणि १५ जून १९४५ ला अल्मोड्याच्या तुरुंगातून सोडलं. हा तुरुंगवास झाला १०४१ दिवसांचा, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा.

पुढे पंतप्रधान झाल्यावरही शीर्षासन सुटलं नाही. १९५२ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन भारतात आले. त्यांना योगाची आवड आहे हे कळल्यावर नेहरूंनी त्यांना डोक्यावर उभं राहून दाखवायला सांगितलं, आणि मग स्वतःही उभे राहिले. त्याच दौऱ्यात मेन्युहिन यांची मुंबईत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी भेट झाली. पुढे त्यांनीच अय्यंगारांना युरोपात नेलं. पुण्याचा योग जगभर पोचला त्यात या भेटीचा मोठा वाटा आहे.

जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या अधिवेशनात नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला आणि २७ मे १९६४ ला वयाच्या ७४ व्या वर्षी ते गेले. व्यायामाने माणूस अमर होत नाही, हेही खरंच.

मग यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं म्हणजे, मूड येण्याची वाट बघायची नाही. तुरुंगात मूड येत नाहीच. आधी शरीर हलवायचं, मन मागून येतं. दुसरं, आवडेल ते निवडायचं. ट्रेडमिलचा कंटाळा येत असेल तर बाग खणा, बॅडमिंटन खेळा, टेकडी चढा. तिसरं, फळ लांबचं ठेवायचं नाही. सहा महिन्यांनी १० किलो कमी होतील ही आशा पंधरा दिवसांत विरते, पण आज झोप नीट लागली, आज कुणावर खेकसलो नाही, हे रोज दिसतं. आणि चौथं, जागा नाही ही सबब चालत नाही. शीर्षासनाला लागते ती एका सतरंजीएवढी जागा.

एक सूचना मात्र पाळा. शीर्षासन कुणाचं बघून घरी सुरू करू नका. बीपी, मानेचा किंवा डोळ्यांच्या काचबिंदूचा त्रास असेल तर ते टाळाच, आणि बाकीच्यांनीही शिक्षकासमोरच शिकावं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना सांगते ते फार अवघड नाही, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालणं.

कधी नगरला गेलात तर भिंगारच्या बाजूचा तो किल्ला बघून या. नेत्यांना ठेवलेल्या खोल्या तिथे जपल्या आहेत आणि बहुतेक लोक नेहरूंच्या खोलीचा फोटो काढून परततात. तुम्ही मात्र बाहेरच्या जमिनीकडेही बघा. मुरूम आणि दगड दिसतील. त्या जमिनीत एक ५२ वर्षांचा माणूस सुटकेची तारीख माहीत नसताना भर उन्हात फुलांसाठी खणत होता. त्यापुढे उद्या सकाळचा साडेपाचचा अलार्म तेवढा अवघड वाटणार नाही.