अवघड जागेचे दुखणे आणि डॉ. हगिन्स

पुरुषांच्या काही दुखण्यांविषयी आपल्या घरांतून बोलायचीच पद्धत नाही. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हे त्यांतलेच एक. त्यावर पहिला खरा उतारा शोधणारे डॉ. चार्ल्स हगिन्स मूळचे कॅनडाचे. त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांला वाटते.

२२ सप्टेंबर १९०१ रोजी नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्स येथे त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते. १९२० साली अकेडिया विद्यापीठाची पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले व १९२४ मध्ये डॉक्टर झाले. १९२७ पासून शिकागो विद्यापीठात होते. मूत्रमार्गाच्या रोगांचे शिक्षण त्यांनी मुळात घेतलेले नव्हते; ते काम अंगावर आले आणि त्यांनी ते जन्मभर केले.

त्या काळी हा कर्करोग हाडांत पसरला की रोग्याने वेदना सोसत पडून राहावे, एवढेच उरे. कुत्र्यांनाही प्रोस्टेटचे विकार होतात, हे हेरून हगिन्स यांनी त्यांच्यावर प्रयोग केले. वृषणांत तयार होणारे पुरुषी हार्मोन या ग्रंथीला पोसते, असे त्यांना दिसले. मग ते पोषणच तोडले तर? १९४१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वृषणे काढल्यावर बहुतेकांचा रोग ओसरला, वेदना शमल्या. स्त्री-हार्मोन देऊनही तोच गुण येई. कर्करोग औषधाने आवरता येतो, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

या उपायाची किंमतही होती. कामेच्छा जाई, पुरुषत्व हरपल्याची खंत मनाला लागे. शिवाय पुष्कळांचा रोग काही काळाने उलटे. पण मिळालेला काळ सुसह्य असे. आज वृषणे काढण्याऐवजी बहुधा इंजेक्शने देतात. तत्त्व मात्र हगिन्स यांचेच.

१९६६ साली पेटन राउस यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७२ ते १९७९ ते आपल्या जुन्या अकेडियाचे कुलपती होते. १२ जानेवारी १९९७ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले.

कॅनडातील पुरुषांत आजही हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. प्रारंभी तो बहुधा काहीच लक्षण दाखवीत नाही. लघवीची धार मंदावणे, रात्री वारंवार उठावे लागणे हे पुष्कळदा वयोमानाने ग्रंथी वाढल्यामुळे होते. पण त्याचा निवाडा डॉक्टरांनीच करायचा असतो. तेव्हा पन्नाशी गाठलेल्या आपल्या काका-मामांनी संकोच सोडून डॉक्टरांशी बोलावे, आणि घरच्यांनी त्यांना बोलते करावे, एवढीच आमची विनंती.