फ्रँक रॅम्झी यांचे अल्प आयुष्य

आयुष्याची थोरवी वर्षांच्या संख्येवर अवलंबून नसते, हे ज्यांच्या चरित्रावरून मनास पटते अशा पुरुषांपैकी फ्रँक रॅम्झी हे एक होत. त्यांचा जन्म इंग्लंडातील केंब्रिज येथे २२ फेब्रुवारी १९०३ रोजी झाला. वडील तेथील मॉडलिन कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. धाकटे बंधू मायकेल हे १९६१ साली कँटरबरीचे आर्चबिशप झाले. फ्रँक यांना मात्र धर्मश्रद्धा पटली नाही. तथापि त्यांची सत्यनिष्ठा केवढी होती, हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

विंचेस्टर व ट्रिनिटी येथील विद्याभ्यास संपवून १९२४ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. तर्कशास्त्रातील एक प्रश्न सोडविताना त्यांना एक प्रमेय सिद्ध करावे लागले. त्याचे मर्म असे : कोणत्याही सहा माणसांत परस्परांच्या ओळखीचे तिघे, नाही तर परस्परांस अनोळखी असे तिघे, खात्रीने सापडतात. समुदाय अनंत असेल, तर त्यात अशा एकाच प्रकारचा अनंत गट सापडतो.

सिद्धतेची रीत सोपी आहे. प्रथम एक मनुष्य निवडावा. बाकीच्यांत त्याच्या ओळखीचे तरी अनंत असतील, किंवा अनोळखी तरी अनंत असतील. त्या अनंत गटातून दुसरा निवडावा, आणि असेच पुढे जावे. माणसांना १, २, ३ असे क्रमांक असतील, तर दर वेळी लहानात लहान क्रमांक घेतला की झाले. परंतु क्रमांकच नसतील, तर अनंत वेळा निवड कोणत्या नियमाने करावी? तेथे निवडीचे गृहीतक मानावे लागते, आणि ते तर त्या काळी वादग्रस्त होते. रॅम्झींनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. १९२८ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे ठेवलेल्या निबंधात त्यांनी ते गृहीतक प्रमेयाच्या विधानातच नमूद केले. पुढे १९६९ साली क्लाइनबर्ग यांनी दाखविले की, ते गृहीतक अजिबात टाकल्यास हे प्रमेय सिद्ध होऊ शकत नाही. रॅम्झींची सावधगिरी अशी यथार्थ ठरली.

ते पाहण्यास रॅम्झी मात्र नव्हते. पत्नी व दोन लहान मुली मागे ठेवून १९ जानेवारी १९३० रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, ते लंडन येथे निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, उत्तर बरोबर आले एवढ्यावर संतुष्ट राहू नका. आपण काय गृहीत धरले, तेही वहीत स्वच्छ लिहीत जा.