पंडित भगवानलाल इंद्रजी

मध्य अमेरिकेच्या निबिड अरण्यात दडलेल्या माया लोकांच्या नगरांची वर्णने आमच्या विद्यार्थ्यांनी वाचली असतीलच. १८३९ साली स्टीफन्स व कॅथरवुड हे दोन प्रवासी कोपान येथे पोहोचले आणि वृक्षांच्या मुळ्यांनी वेढलेले तेथील पाषाणस्तंभ पाहून थक्क झाले. कॅथरवुडने त्या स्तंभांवरील लेखांची चित्रे मोठ्या निष्ठेने काढिली; परंतु ते वाचणारा कोणी नव्हता, व त्या लिपीचा उलगडा होण्यास पुढे शंभरांहून अधिक वर्षे लागली. योगायोग असा की, त्याच १८३९ सालच्या नोव्हेंबरच्या ७ तारखेस काठेवाडात जुनागड येथे एका नागर ब्राह्मणाच्या घरी भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म झाला. आपल्याकडील रानांतल्या शिळा त्यांनी नुसत्या पाहिल्या नाहीत, तर वाचल्या. आणि त्यांपैकी काही आमच्या जुहूपासून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या आहेत.

जुनागडाहून गिरनारकडे जाताना वाटेत एक प्रचंड शिळा लागते. तीवर सम्राट अशोक, महाक्षत्रप रुद्रदामा व गुप्तवंशीय स्कंदगुप्त अशा तिघांच्या काळचे लेख कोरलेले आहेत. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा छडा लाविला होता, तरी गावच्या लोकांस ती अक्षरे म्हणजे गूढच होते. प्रिन्सेपच्या वर्णमालेचा तक्ता या मुलाच्या हाती आला आणि शिळेवरील एकेक अक्षर त्याच्याशी ताडून पाहण्याचा त्यास नाद लागला. इंग्रजी शिक्षण त्यास मिळाले नव्हते. संस्कृतात मात्र चांगली गती होती. 'रासमाळा' या ग्रंथाचे कर्ते फोर्ब्ससाहेब यांनी या तरुणाविषयी मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांस कळविले, आणि १८६१ साली भगवानलाल मुंबईस आले.

भाऊ दाजी हे नामांकित धन्वंतरी. रोग्यांच्या गर्दीतून त्यांस दूरच्या प्रवासास सवड कोठून मिळणार? म्हणून ते भगवानलालांस पाठवीत. अजिंठ्याच्या लेण्यांपासून काशी, दिल्ली, मथुरा व अखेरीस नेपाळपर्यंत हा मनुष्य हिंडला. रेल्वे तेव्हा सर्वत्र झालेली नव्हती. शेवाळ खरवडावे, अक्षरांत बसलेली माती काढावी, ऊन कलते झाले म्हणजे खोदलेल्या रेषेत सावली पडते तेव्हा पुनः पाहावे, आणि मग नक्कल उतरावी, असे हे काम असते. एका काना-मात्रेच्या चुकीने राजाचे नाव बदलते. १८६९ साली मथुरेस शीतलादेवीच्या एका ओट्याच्या पायरीत बसविलेला दगड त्यांच्या नजरेस पडला. तो शकक्षत्रपांच्या काळचा, खरोष्ठी लिपीने भरलेला सिंहशीर्ष निघाला. त्यापूर्वी किती लोक ती पायरी चढून गेले असतील!

या श्रमांचे फळ बहुधा भाऊ दाजींच्या निबंधांतून जगापुढे येई व त्यांवर नाव भाऊंचे असे. त्या काळची रीत तशी होती, असे म्हणून आम्ही ही गोष्ट सोडून देऊ इच्छीत नाही. नक्कल करणाऱ्याचे नाव मागे राहते हे खरेच. परंतु हेही खरे की, भाऊंनी हात दिला नसता तर हा तरुण जुनागडाबाहेर पडता ना. १८७४ साली भाऊ निवर्तले आणि पंडितजींचा आश्रय तुटला. पुढील चौदा वर्षे वाळकेश्वरच्या बिऱ्हाडी राहून त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले. ते गुजरातीत लिहीत, आणि डॉ. ब्यूलर व कॅम्बेलसाहेब यांसारखे स्नेही ते इंग्रजीत उतरवीत. प्राचीन अंकचिन्हे अक्षरांपासून कशी बनली, याचा त्यांचा १८७७ चा निबंध विद्वानांत गाजला.

आता आमच्या बाजूकडे वळू. बोरिवलीच्या रानात कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. तेथील लेखांत कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. ते लेख पंडितजींनी बारकाईने अभ्यासिले. आकुर्लीनजीकच्या पडण टेकडीवरील खडकांत कोरलेली अक्षरेही त्यांनी वाचली. (त्याच कान्हेरीच्या भिंतींवर आजची काही मंडळी आपली नावे खरडून येतात. तीही कोणी पुढे वाचील, अशी त्यांची आशा असावी!)

परंतु त्यांचे सर्वांत मोठे यश सोपाऱ्याचे. नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेस झाडीत एक उंचवटा होता. गावकरी त्यास बुरुड राजाचा कोट म्हणत. पंडितजींनी तो स्तूप असल्याचे ओळखले, आणि १८८२ च्या एप्रिलात, ग्याझेटियरचे संपादक कॅम्बेल यांच्या साह्याने, तो खणला. विटांच्या कोठडीत एक गोल दगडी पेटी सापडली. तीत मधोमध तांब्याचा करंडा होता व त्याच्या भोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. तांब्याच्या करंड्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय असावे? सुवर्णफुले, व मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून येथे पुरले असले पाहिजेत, असे पंडितजींनी ठरविले. ते पात्र खरोखर बुद्धांचेच होते काय, हे सिद्ध होण्याजोगे नाही. परंतु ज्यांनी खापरांस सोन्यात ठेविले त्यांची श्रद्धा तीच होती, याविषयी आम्हांस शंका वाटत नाही. धनाच्या लोभाने कोणी तो कोट फोडला असता, तर सोने घेतले असते व खापरे फेकून दिली असती. पेटीजवळ यज्ञश्री सातकर्णीचे रुप्याचे नाणेही मिळाले. याच राजाचे नाव कान्हेरीच्या लेखांत आहे. त्यामुळे अरण्यातील लेणी व हे बंदर यांचा एक धागा हाती लागला.

त्याच साली सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुटका दगडही त्यांनी ओळखला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी प्रवासास निघत, आपण मात्र धर्मासाठी प्रवास करू लागलो, असा त्या लेखाचा आशय आहे.

पुढे मानसन्मान आले. हॉलंडातील लायडन विद्यापीठाने इंग्रजी शाळा न पाहिलेल्या या पंडितास डॉक्टर केले. पण प्रकृती खचत गेली आणि १८८८ च्या मार्चच्या १६ तारखेस, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, वाळकेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे नाणी व मथुरेचा सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला. हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीस दिली, आणि ती डॉ. भाऊ दाजींच्या हस्तलिखितांशेजारी ठेवावीत, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेविली होती.