युसूफ मेहेरअली

मुरूड, म्हसळा किंवा श्रीवर्धनहून एस. टी. ने पनवेलला जाताना पेण मागे पडते. पुढे खारपाड्याचा पूल येतो. पूल ओलांडला की कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका जवळ दिसू लागतो. किल्ल्याच्या अलीकडे तारा नावाचे एक लहान गाव आहे. या गावात युसूफ मेहेरअली सेंटर ही संस्था आहे. जाता-येता पुष्कळ लोक हे नाव वाचतात. पण हे मेहेरअली कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

युसूफ मेहेरअली यांचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत झाला. घराणे व्यापाऱ्याचे होते. घरात कशाची उणीव नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि पुढे कायदा शिकले. वाचनाचे त्यांना वेडच होते. हाती पैसे आले की ते पुस्तके विकत घेत आणि मित्रांनाही वाचायला लावत.

१९२८ साली त्यांनी मुंबईत तरुणांची एक संघटना उभी केली. तिचे नाव बॉम्बे यूथ लीग. त्याच वर्षी इंग्लंडहून सायमन कमिशन हिंदुस्थानात आले. हिंदुस्थानचा कारभार कसा चालावा, हे ठरवण्यासाठी नेमलेल्या या कमिशनात एकही हिंदी माणूस नव्हता. तरुणांना याचा फार राग आला. होड्यांतून समुद्रात जायचे आणि बोटीवरच कमिशनला काळे निशाण दाखवायचे, असा बेत त्यांनी केला. पण पोलिसांना त्याची बातमी लागली. बंदराचे रस्ते बंद झाले. तेव्हा मेहेरअली आणि त्यांच्या काही सोबत्यांनी हमालांचे कपडे चढवले आणि ते बंदरात शिरले. तारीख होती ३ फेब्रुवारी १९२८. कमिशनचे लोक उतरताच या हमालांनी सायमन गो बॅक अशी गर्जना केली. पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. मेहेरअलींनाही मार बसला. पण ही घोषणा मग देशभर गेली. तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते.

कायद्याची परीक्षा पास होऊनही त्यांना वकिलीची सनद मिळाली नाही. राजकारणात भाग घेतो म्हणून ती नाकारण्यात आली. घरच्यांना वाईट वाटले असेल. मेहेरअली मात्र आता सगळा वेळ तरुणांना देऊ लागले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले आणि त्यानंतर तुरुंगाच्या वाऱ्या सुरूच राहिल्या. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. तो स्थापन करणाऱ्यांत तेही होते.

नुसत्या घोषणा देणारा स्वयंसेवक त्यांना पुरेसा वाटत नसे. आपण कशासाठी लढतो, जगात काय चालले आहे, शेतकरी आणि कामगार कसे जगतात, हे त्याला माहीत हवे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी तरुणांनी काय वाचावे, हे सांगणारे एक पुस्तकच लिहिले. मोर्चा काढणाऱ्यांच्या हाती पुस्तकांची यादी देणारा हा पुढारी जरा वेगळाच म्हटला पाहिजे!

१९४२ साली ते मुंबईचे महापौर झाले. निवडणुकीच्या वेळी ते तुरुंगात होते. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. जपानने सिंगापूर आणि रंगून घेतले होते. मुंबईवरही बॉम्ब पडतील, या भीतीने लोक शहर सोडून चालले होते. अशा वेळी सगळा भार सरकारी खात्यावर न टाकता मेहेरअलींनी नागरिकांचे स्वयंसेवक दल उभे केले. आपल्या शहराचे रक्षण आपणच शिकले पाहिजे, असे त्यांना वाटे.

त्याच वर्षी गांधीजी इंग्रजांविरुद्ध नवा लढा उभारत होते. त्यासाठी एक नेमकी घोषणा हवी होती. कोणी सुचवलेले शब्द गांधीजींना उद्धट वाटले, तर कोणी सुचवलेले फार मवाळ. शेवटी मेहेरअलींनी दिलेले क्विट इंडिया हे दोन शब्द त्यांना पसंत पडले, असे सांगतात. मराठीत आपण त्यालाच छोडो भारत म्हणतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पुढाऱ्यांची धरपकड झाली. मुंबईचे महापौर पुन्हा तुरुंगात गेले.

या तुरुंगवासात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दुखणे गंभीर होते. त्यांना मुंबईच्या सेंट जॉर्ज इस्पितळात हलवण्याची तयारी सरकारने दाखवली. पण तुरुंगात त्यांचे आणखी दोन सहकारी आजारी होते. त्यांनाही तेच उपचार मिळावेत, अशी विनंती मेहेरअलींनी केली. सरकारने ती मानली नाही. तेव्हा त्यांनी आपलेही इस्पितळात जाणे नाकारले. १९४३ मध्ये ते सुटले. पण प्रकृती पुन्हा कधी पूर्ण सुधारली नाही. तरीही त्यांचे काम थांबले नाही. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याआधी तीनच आठवडे साने गुरुजी गेले होते. गुरुजींचे स्मारकही आपल्याच जिल्ह्यात, माणगावजवळ वडघरला आहे.

१९६१ मध्ये मेहेरअलींच्या स्नेह्यांनी त्यांच्या नावाने मुंबईत सेंटर सुरू केले. डॉ. जी. जी. पारीख हे त्यांतले प्रमुख. १९४२ च्या लढ्यात कॉलेजात शिकत असताना त्यांनी तुरुंगवास भोगला होता. पुढे मुंबईचे काही डॉक्टर दर रविवारी आपली सुट्टी सोडून ताऱ्याला येऊ लागले. आसपासच्या पाड्यांतील कातकरी आणि ठाकूर लोकांना ते औषध देत. या दवाखान्यातून काम वाढत गेले. शाळा निघाली. घाणीचे तेल, साबण, मातीची भांडी असे उद्योग उभे राहिले. तरुणांची शिबिरे भरू लागली. १९६९ मध्ये सरकारने कॉलेजांसाठी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली, तेव्हा रविवारचे स्वयंसेवक ताऱ्याच्या लोकांना परके राहिले नव्हते.

डॉ. पारीख फार म्हातारे झाले, तरी त्यांनी ताऱ्याला येणे सोडले नाही. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, ते वारले. तेव्हा त्यांचे वय शंभर वर्षांचे होते.