सावळा बुलबुल

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून आपल्या समितीची मंडळी घरी आली, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी पहिल्या दिवसांतले पाण्याचे टँकर, कन्व्हेयन्स आणि गळकी गच्ची यांवर लिहीन. ते इतरांनी लिहिलेच असणार. माझ्याकडे एक जुनी उधारी आहे, ती आधी फेडतो. संध्याकाळी बी विंगखालून जाताना तिसऱ्या मजल्यावरून अरबी गाणे ऐकू येते, आणि खाली खेळणाऱ्या मुलांपासून कट्ट्यावरच्या मित्रांपर्यंत अनेकांनी विचारले आहे की काका, हे काय लावता? त्याचे उत्तर एकदाच सविस्तर देतो.

1984 च्या सुमारास मी चिपळूणच्या शाखेत होतो. गल्फमधून येणाऱ्या पैशांची खाती माझ्याकडे असत. गुहागरकडचे एक खातेदार कुवेतला ड्रायव्हर होते. त्यांच्या ड्राफ्टचे एक अडकलेले काम मी मार्गी लावले, तर सुट्टीवर आल्यावर ते एक कॅसेट घेऊन आले. मी काही घेत नसे, पण वापरलेली कॅसेट नाही कशी म्हणणार? त्यांच्या मालकाच्या गाडीत हाच माणूस दिवसरात्र वाजतो, म्हणाले. मला अरबीचे एक अक्षर कळत नाही. तरी घरी कॅसेट लावली आणि पहिल्यांदा आठवला तो आपला तलत. तसाच हळवा, कानाशी येऊन बोलणारा आवाज. मागे मात्र चाळीस-पन्नास व्हायोलिनांचा ताफा. गायकाचे नाव अब्देल हलीम हाफिज. तोवर त्याला जाऊन सात वर्षे झाली होती.

त्याचा जन्म 21 जून 1929 चा, इजिप्तच्या शरकिया प्रांतातल्या अल-हलावात या खेड्यातला. कैरोच्या ईशान्येला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशात हा भाग येतो. चार भावंडांत हा धाकटा. बाळंतपणानंतर आई गेली, आणि पोर लहान असतानाच वडीलही गेले. पोरक्या मुलाला मामाने जवळच्या झगाझिग शहरात नेले, आणि त्याची काही वर्षे तिथल्या अनाथाश्रमात गेली. त्याच आश्रमात अहमद फौद नेग्म नावाचा आणखी एक मुलगा होता. त्याच्याकडे पुढे येतो.

त्या मुलखात शेतीचे पाणी कालव्यांतून येते. मुले त्यात डुंबतात, बायका धुणी धुतात, म्हशी बसतात. त्या पाण्यातल्या गोगलगायींतून एक सूक्ष्म अळी बाहेर पडते आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरते. पाणी प्यावेही लागत नाही. आपल्याकडे नारू पिण्याच्या पाण्यातून व्हायचा, हा पोहण्यातून होतो. रोगाचे नाव बिल्हार्झिया. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने 1851 साली कैरोत तो जंत शोधला, म्हणून त्याचे नाव. हजारो वर्षांपूर्वीच्या ममींतही या जंताची अंडी सापडली आहेत, इतका तो तिथला जुना रहिवासी. आपल्यालाही तो अगदीच परका नाही बरं का. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात 1952 साली या रोगाचे रुग्ण सापडले होते. माझ्या त्या खातेदाराच्या गावापासून गिमवी काही लांब नव्हे, पण हे मला फार उशिरा कळले.

हलीमला हा रोग लहानपणीच कालव्यात जडला. जंत आतड्याच्या शिरांत राहतो, त्याची अंडी यकृतात जाऊन अडकतात, यकृत कडक होत जाते. मग रक्ताला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबते आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. एक दिवस शीर फुटते आणि माणसाला रक्ताची उलटी होते. हे सगळे व्हायला वीस वर्षेही लागू शकतात. तोपर्यंत पोरगा गात असतो.

थोरला भाऊ इस्माईल गाणारा आणि संगीतशिक्षक. त्याच्या पाठोपाठ हलीम कैरोला आला आणि संगीताच्या संस्थेत शिकला. मुख्य वाद्य ओबो, म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे, दोन पात्यांच्या जिव्हाळीचे विलायती वाद्य. 1948 साली पदविका मिळाली, मग शाळांतून संगीत शिकवण्याची नोकरी आणि पुढे कैरो रेडिओच्या वाद्यवृंदात ओबोवादन. तो लांबलचक ओळ एका दमात कशी काढतो याचे मला नवल वाटायचे. ओबो वाजवणाऱ्याला श्वास जपून खर्च करावा लागतो हे कळल्यावर उलगडा झाला. मूळ आडनाव शबाना. रेडिओवरच्या हाफिज अब्देल वहाब या अधिकाऱ्याने त्याला गायक म्हणून पुढे आणले, त्याच्या नावातला हाफिज याने कायमचा उचलला. आपल्याला संधी देणाऱ्याचे नाव कोणी असे जन्मभर मिरवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

सुरुवात मात्र वाईट झाली. 1952 च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने मोहम्मद अल-मौगीने बांधलेले नवे गाणे म्हटले, आणि लोकांनी हुर्यो उडवली. त्यांना जुनी, मोहम्मद अब्देल वहाबची गाणी हवी होती. हा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, काटकुळा, सावळा पोरगा. त्याने ती म्हटली नाहीत. पुढच्याच वर्षी तेच गाणे लोकांनी डोक्यावर घेतले.

मधल्या काळात देश बदलला होता. जुलै 1952 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला घालवले, जून 1953 मध्ये प्रजासत्ताक झाले आणि थोड्याच वर्षांत सगळी सूत्रे नासेर यांच्या हाती गेली. नव्या देशाला नवा आवाज हवा होता. उम्म कुलसूम ही तिथली सम्राज्ञी. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल रेडिओवर लागली की रस्ते ओस पडत, गीतरामायणाच्या वेळी आपल्या पुण्यात पडत म्हणतात तसे. एकेक ओळ ती अर्धा अर्धा तास घोळवी. हलीमचे तसे नव्हते. तो मायक्रोफोनचा गायक. आवाज लहान, पण कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेतल्या माणसाला आपल्यासाठीच वाटावी. तरुण पोरापोरींना तेच हवे होते.

1955 साली तो सिनेमात आला. त्या वर्षीच्या एका चित्रपटात त्याच्याबरोबर ओमर शरीफ होता, आपल्याला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मुळे माहीत असलेला. एकूण सोळा चित्रपट केले. 1969 चा शेवटचा कैरोत वर्षाहून अधिक काळ चालला. त्यातली चुंबनेच लोक मोजत बसले होते असे म्हणतात, पण त्याबद्दल या स्मरणिकेत इतकेच पुरे. अब्देल वहाबबरोबर त्याने रेकॉर्ड कंपनीही काढली. म्हणजे ज्याची गाणी म्हणायला नकार दिला, त्याचाच भागीदार झाला!

याच सुमारास पहिला रक्तस्राव झाला. तिथून पुढची वीस-बावीस वर्षे हा माणूस कार्यक्रम आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये जगला. लंडनला वाऱ्या, रक्त चढवणे, पुन्हा स्टेज. लग्न केलेच नाही. अभिनेत्री सुआद हुस्नीचे नाव त्याच्याशी जोडले गेले, त्यात मी पडत नाही. त्याचा आजार म्हणजे सहानुभूती मिळवण्याचे सोंग आहे असे म्हणणारेही होते. हे वाचले तेव्हा मला फार लागले, कारण आमच्याही ऑफिसात एका सहकाऱ्याच्या सिक लीव्हवर आम्ही असेच हसलो होतो, आणि हसणाऱ्यांत मी होतो.

आता नेग्मकडे येतो. हलीमने नासेर यांच्यासाठी पुष्कळ गाणी गायली. 1960 साली अस्वानचे मोठे धरण सुरू झाले तेव्हा त्याची कहाणी गाणाराही हाच. बारमाही कालव्याचे पाणी म्हणजे त्या गोगलगायींना बारमाही घर, हे त्या गायकाच्या मनात आले असेल का, देव जाणे. आश्रमातला त्याचा सोबती नेग्म पुढे कवी झाला, पण उलट बाजूचा. सत्तेवर टीका करून त्याने वर्षानुवर्षे तुरुंग भोगला, आणि हलीमचीही टर उडवली. मला विचाराल तर नेग्मचे म्हणणे बरोबर होते, तरी कॅसेट मी हलीमचीच लावतो.

पण त्याचा हिशेब इतक्यावर मिटत नाही. जून 1967 मध्ये सहा दिवसांत इजिप्तचा दारुण पराभव झाला. रेडिओवर विजयाच्या बातम्या आणि त्याची वीरगीते चालू असताना सैन्य सिनाईतून मागे येत होते. ज्या आवाजाने आशा दाखवली, त्यालाच आता तोंड दाखवायचे होते. तो गप्प बसला नाही. अब्देल रहमान अल-अबनुदीचे शब्द आणि बलीघ हमदीची चाल घेऊन त्याने मावळलेल्या दिवसाचे गाणे म्हटले. त्यात जयघोष नाही, अंधारात उभा असलेला देश आहे. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने देशाच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. मी भाषा न कळता ऐकतो, पण हे गाणे लागले की आमची सौभाग्यवतीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते.

नासेर 1970 साली गेले, उम्म कुलसूम 1975 मध्ये. एप्रिल 1976 मध्ये वसंताच्या सणाला हलीमने नवे गाणे आणले. कॉफीचा पेला पाहून भविष्य सांगणारी बाई एका तरुणाला त्याचे नशीब सांगते, अशी निझार कब्बानीची कविता. चाल त्याच अल-मौगीची, ज्याच्या गाण्याला अलेक्झांड्रियात हुर्यो मिळाली होती. गाणे तासाहून मोठे. प्रेक्षकांत शिट्ट्या आणि गोंधळ चालला होता, आणि आजाराने पोखरलेला हा माणूस चिडला, प्रेक्षकांना बोलला. बोलून मग गाणे पुरे केले. माझ्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना हेच गाणे आहे, मध्ये बाजू बदलावी लागते.

30 मार्च 1977 रोजी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये तो वारला. वय 47. कैरोत अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले, काही तरुण मुलींनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. या जंतावर वजनाप्रमाणे एकदाच घ्यायच्या गोळ्या निघाल्या होत्या, त्या सर्वत्र पोचायला अजून काही वर्षे होती.

कॅसेट प्लेयर मागेच बिघडला. नातवाने ती गाणी मोबाईलवर घालून दिली आहेत. आवाज मोठा होत असेल तर बी विंगच्या मंडळींनी निःसंकोच बेल वाजवावी, आणि चहाला बसावे.