रेयॉनच्या विषाचा माग काढणारी डॉक्टर

कल्याणजवळची मोहने आणि शहाड ही गावे रेयॉनच्या कारखान्यांमुळे ओळखली गेली. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढायचा, तर त्या लगद्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करावी लागते. हा द्रव ४६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाऊन मेंदू, मज्जातंतू आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करते. हा धोका अमेरिकेत पुराव्यानिशी मांडणाऱ्यांत डॉ. ॲलिस हॅमिल्टन अग्रणी होत्या.

त्यांचा जन्म १८६९चा, न्यूयॉर्कमधला. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि १८९७ पासून शिकागोच्या गरीब वस्तीतील हल हाउस या सेवाकेंद्रात राहू लागल्या. शेजारच्या कामगारांच्या दुखण्यांचे मूळ त्यांच्या कामाच्या जागी आहे, हे त्यांना तिथे उमगले. १९१० मध्ये इलिनॉय राज्याच्या पाहणीत त्यांनी कारखाने, रुग्णालये आणि कामगारांची घरे पालथी घालून शिशाच्या विषबाधेचे रुग्ण शोधले.

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात अध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. मात्र पदवीदानाच्या मिरवणुकीत आणि प्राध्यापकांच्या क्लबात त्यांना मज्जाव होता. १९३५ मध्ये निवृत्त होतानाही त्या सहायक प्राध्यापकच होत्या.

पण खरे काम थांबले नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियातील रेयॉन कामगारांच्या पाहणीत पुढाकार घेतला. बधिर पाय, हातांतले गेलेले बळ, अंधूक दृष्टी, भास, एकाएकी उसळणारा संताप अशी लक्षणे आढळली. काहींची रवानगी तर मनोरुग्णालयात झाली होती. दोष त्यांच्या स्वभावाचा नव्हता, कारखान्यातल्या हवेचा होता.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, १०१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांत अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा व्यापक कायदा झाला.

मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. शहाडला सप्टेंबर २०२३ मध्ये टँकरच्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. स्फोट सर्वांना दिसतो, वाफेने हळूहळू होणारी इजा मात्र दिसत नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, झोप उडाली असेल किंवा चिडचिड वाढली असेल, तर रक्तातली साखर जरूर तपासा. पण आपण कोणत्या खात्यात, कोणत्या रसायनाजवळ, किती वर्षे काम करता किंवा पूर्वी केले, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांनी विचारले नाही, तरी सांगा.