आगकाड्या नाचविणारे दादासाहेब फाळके

नाताळची सुटी लागली, घरोघर गव्हाणी सजल्या आणि दारांवर कागदी तारे झळकूं लागले, म्हणजे आपल्या वसईच्या मुलांस मिकी उंदीर, डोनाल्ड बदक व प्लूटो कुत्रा यांचे छोटे चित्रपट पाहण्याची हौस येते. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेंतून १९५२ सालीं निघालेल्या अशाच एका सात मिनिटांच्या खेळांत मिकी नाताळचें झाड घरीं आणतो. त्यांत चिप व डेल या दोन खारी दडलेल्या असतात, आणि त्यांच्या पाठीं लागून बिचारा प्लूटो साऱ्या घराची दाणादाण करतो. तें पाहून हंसूं न येणारें मूल विरळाच!

परंतु, बालमित्रहो, त्या पडद्यावर धांवणारें एकही चित्र वस्तुतः धांवत नाहीं. निरनिराळीं स्थिर चित्रें सेकंदास चोवीस या वेगानें डोळ्यांपुढून जातात, आणि आपणांस ती एक सलग हालचाल भासते. सात मिनिटांच्या खेळास अशा दहा हजारांवर चौकटी लागतात. ही चिकाटीची विद्या आपल्या देशांत ज्यांनीं प्रथम हस्तगत केली, त्यांत अग्रगण्य होते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढें त्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजांत अध्यापकाची जागा मिळाली. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ सालीं तो जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला, व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकला. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रांचा धंदा मांडला, तोंच प्लेगच्या सांथींत पत्नी व मूल दगावलें. नंतर पुराणवस्तु खात्यांत नोकरी झाली. ती सोडून छापखाना काढला. परंतु भागीदाराशीं मतभेद होऊन तोही सोडावा लागला. चाळिशी उलटली, तरी संसारास स्थैर्य नव्हतें.

अशा मनःस्थितींत १९१०-११ च्या सुमारास, एका ख्रिस्ती सणाच्या दिवसांत, गिरगांवांत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावरील त्या पवित्र मूर्ति पाहतांना, आपल्या देशांतील राम व कृष्ण असेच कधीं दिसतील काय, हा विचार त्यांच्या मनांत ठाण मांडून बसला. त्यांनीं रात्रंदिवस अभ्यास चालविला. डोळ्यांवर इतका ताण पडला, कीं कांहीं काळ दृष्टि गेली! सुदैवानें उपचारांनीं ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्यें लंडनला गेले, आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवून एप्रिलमध्यें परत आले.

आतां भांडवल कोण देणार? स्नेह्यासोबत्यांस हें वेड वाटलें. दादासाहेबांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेविला, आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतरानें एकेक चित्र घेतलें. पडद्यावर तोच वाटाणा सुमारें मिनिटभरांत अंकुरला व वाढला! तें पाहून शंका घेणाऱ्यांनींच कर्जाऊ पैसे दिले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले; शिवाय फितीस भोंकें पाडणें, रसायनें कालविणें आणि साठांवर माणसांचा स्वयंपाक करणें, हीं सारीं कामें त्या माउलीनें केलीं. याच कष्टांतून ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला व ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत लोकांपुढें आला.

पुढें पहिलें महायुद्ध पेटलें. भांडवल मिळेनासें झालें, कोरी फीतही दुर्मिळ झाली. तरी दादासाहेब हात बांधून बसले नाहींत. १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ नांवाचा लहानसा चित्रपट काढला. काडी किंचित् सरकवावयाची, चित्र घ्यावयाचें, पुन्हां सरकवावयाची. अशा रीतीनें निर्जीव काड्या पडद्यावर खेळूं लागतात. फ्रान्समध्यें एमिल कोल यांनीं १९०८ सालीं असाच प्रयोग केला होता. आपला मिकी उंदीर पडद्यावर आला १९२८ सालीं. म्हणजे दादासाहेबांच्या काड्या त्याच्याहून तेरा वर्षांनीं वडील!

त्यांचा अखेरचा चित्रपट ‘गंगावतरण’ १९३७ सालीं निघाला. बोलपटांच्या युगांत ते मागें पडले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें फारशा गाजावाजावांचून त्यांनीं देह ठेविला. आगकाड्यांचा तो चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीं. १९६९ सालापासून भारत सरकार त्यांच्या नांवें चित्रपटक्षेत्रांतील सर्वोच्च पुरस्कार देत आहे; परंतु तो गौरव पाहण्यास ते नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, वसईहून आगगाडीनें दादरास उतराल, तेव्हां त्यांच्या नांवाचा रस्ता अवश्य पाहा. त्याच दादरांत ती वाटाण्याची कुंडी होती. यंदाच्या सुटींत तुम्हीही एक वाटाणा पेरा, आणि रोज त्याचें चित्र काढा. (आगकाड्यांचा खेळ मात्र वडिलांच्या देखत, व पेटी दूर ठेवून!) आणि पालकहो, आपलें मूल वहीच्या कडेला चित्रें काढीत बसलें, तर रागावण्यापूर्वीं सरस्वतीबाईंचें स्मरण करावें. दादासाहेबांच्या पाठीशीं घरांतलें एक माणूस विश्वासानें उभें राहिलें, म्हणूनच तो अंकुर वाढीस लागला.